युद्धकाळातल्या इंग्लिश बरोचा आरोग्य अहवाल कसा वाचायचा

बरो म्हणजे इंग्लंडमधलं स्वतःचं स्थानिक प्रशासन असलेलं शहर किंवा शहराचा विभाग. दुसऱ्या महायुद्धातले त्याचे वार्षिक आरोग्य अहवाल वाचायचे असतील, तर आधी १९३८ चा अहवाल उघडा. तुम्हाला ब्लिट्झबद्दल, म्हणजे १९४०-४१ मधल्या जर्मन बॉम्बहल्ल्यांबद्दल वाचायचं असेल, १९४० चा अहवाल समोर पडलाही असेल, तरी आधी १९३८. शांततेच्या काळातलं शेवटचं पूर्ण चित्र त्यात असतं. पुढच्या सहा वर्षांत त्यातलं काय काय गळलं, हे त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

मी लंडनच्या पूर्व भागात हेल्थ व्हिजिटर होते. म्हणजे बाळंतिणीच्या आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या घरी जाऊन त्यांची विचारपूस करणारी नर्स. नोकरी संपल्यावर माझ्या आधीच्या पिढ्यांनी हेच काम कसं केलं याची उत्सुकता लागली आणि मी जुन्या अहवालांत शिरले. आता कुणी इतिहासाचा प्रबंध लिहिणारं, कुणी कादंबरीसाठी टिपणं काढणारं विचारतं, ‘कुठून सुरुवात करू?’ प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते. एक गोष्ट मात्र पहिल्यापासून डोक्यात असू द्या. या अहवालांतला प्रत्येक आकडा म्हणजे कुणीतरी पायपीट करून केलेल्या कामाची नोंद आहे. काम थांबलं की आकडा खाली येतो. त्याचा अर्थ आजार कमी झाला असा होत नाही.

अहवाल कुणाचा, ते बघा

हे अहवाल लिहायचा मेडिकल ऑफिसर ऑफ हेल्थ, म्हणजे बरोचा आरोग्य अधिकारी, थोडक्यात एमओएच. लिव्हरपूलने डॉ. विल्यम डंकन यांना १८४७ मध्ये नेमलं, सिटी ऑफ लंडनने पुढच्या वर्षी जॉन सायमन यांना, आणि १८७२ च्या कायद्यानंतर हे पद देशभर सक्तीचं झालं. लंडनमधल्या बरोंचे १८४८ ते १९७२ पर्यंतचे साडेपाच हजारांहून अधिक अहवाल वेलकम कलेक्शन या लंडनमधल्या वैद्यकीय इतिहासाच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. लंडनबाहेरचेही बरेच आता स्कॅन झालेत. जे नाहीत, ते त्या गावच्या किंवा काउंटीच्या (जिल्ह्याच्या) अभिलेखागारात मागायचे.

पण अहवाल हाती आला की पहिल्या पानावरचा बरोचा प्रकार आधी वाचा, कारण त्यावरून कुणाच्या हातात काय होतं ते ठरतं. कॉव्हेंट्री, शेफील्ड, वेस्ट हॅम, क्रॉयडन ही काउंटी बरो. यांच्याकडे जवळजवळ सगळंच: दवाखाने, साथरोग रुग्णालय, शाळेतली आरोग्य तपासणी, गटारं, घरं. लंडन काउंटीत मात्र सिटी सोडून २८ मेट्रोपॉलिटन बरो होते आणि तिथे कामाची वाटणी होती. माता-बाल केंद्रं, हेल्थ व्हिजिटर, सॅनिटरी इन्स्पेक्टर, क्षयाचा बाह्यरुग्ण दवाखाना हे बरोकडे. रुग्णालयं, शाळेची नर्स आणि रुग्णवाहिका लंडन काउंटी कौन्सिलकडे. युद्ध लागल्यावर तीच वाटणी पुढे चालली. प्रथमोपचार केंद्रं आणि शवागारं बरोने चालवायची, बॉम्बने बेघर झालेल्यांची रेस्ट सेंटर काउंटीने. तिसरा प्रकार वॉल्थमस्टोसारख्या म्युनिसिपल बरोंचा. तिथे काही अधिकार बरोचे, काही काउंटीचे, आणि नेमके कुठले ते दर ठिकाणी वेगळं.

हे माहीत नसलं की स्टेपनीसारख्या मेट्रोपॉलिटन बरोच्या अहवालात रुग्णालयांबद्दल अवाक्षर नाही म्हणून वाचणारा गोंधळतो. ती त्याची कामंच नव्हती.

पहिल्या पानावर आणखी एक ओळ असते, जी लोक सर्रास ओलांडून जातात: एका पेनीच्या रेटमधून किती पौंड जमतात. बरो आपला खर्च मालमत्तेच्या ठरवलेल्या मूल्यावर पौंडामागे इतके शिलिंग, इतके पेन्स अशा करातून काढायचा. श्रीमंत बरोत एक पेनी वाढवली की मोठी रक्कम हाती यायची. गरीब बरोत तीच पेनी लोकांच्या खिशाला चिमटा काढून तुटपुंजी भर घालायची. नर्सा किती नेमल्या, केंद्रं किती उघडली याचं उत्तर पुष्कळदा या एका ओळीत सापडतं. बाराशे घरं बॉम्बने पडली तर त्यांचा करही बुडाला, हेही तिथेच लक्षात ठेवायचं.

साचा ओळखा, मग त्यातली भोकं

१९३८ पर्यंत अहवालांचा साचा ठरून गेला होता. सेक्शन ए मध्ये आकडेवारी आणि सामाजिक परिस्थिती, बी मध्ये आरोग्यसेवांची व्यवस्था, सी मध्ये पाणी-गटार-स्वच्छता, डी मध्ये घरं, ई मध्ये खाद्यपदार्थांची तपासणी, एफ मध्ये संसर्गजन्य रोग. छापील, पुठ्ठ्याच्या वेष्टनातलं, कधी दीडशे पानांचं पुस्तक.

१९४० चा उघडलात की हातात येतात टंकलिखित, रोनिओ या प्रती काढायच्या यंत्रावर काढलेली पातळ पानं. कागद नियंत्रित, कारकून सैन्यात, अर्धे डॉक्टर इमर्जन्सी मेडिकल सर्व्हिस या युद्धकाळातल्या सरकारी वैद्यकीय सेवेकडे. बहुतेक बरोंनी हंगामी, आटोपशीर अहवाल दिले. त्यामुळे १९३८ ची अनुक्रमणिका एका बाजूला ठेवा आणि दुसरीकडे १९४१ ची. जी शीर्षकं गायब झाली त्यांची यादी करा. माझ्या मते ही यादी हाच पहिल्या बैठकीचा खरा ऐवज. घरांची तपासणी जवळजवळ नाहीशी झालेली दिसेल, कारण झोपडपट्टी हटवण्याचं काम थांबलं आणि इन्स्पेक्टर पडक्या घरांच्या फुटक्या गटारांमागे धावत होते. कत्तलखान्याचा तक्ता रिकामा दिसेल, कारण १९४० पासून अन्न मंत्रालयाने जनावरं कापणं मोजक्या जागी एकवटलं.

मग थेट १९४५ चा किंवा १९४६ चा अहवाल घ्या. अनेक एमओएचनी तेव्हा मागे वळून सगळ्या युद्धवर्षांचा आढावा लिहिला. जे १९४० मध्ये छापायची मुभा नव्हती किंवा सवड नव्हती, ते इथे निवांतपणे येतं. मधली वर्षं या दोन टोकांच्या आधाराने वाचायची.

लोकसंख्या: इथे वेळ घालवा

शांततेच्या काळात लोकसंख्येचा आकडा कुणी दोनदा बघत नाही. युद्धात तो सगळ्यात निसरडा. १ ते ३ सप्टेंबर १९३९ या तीन दिवसांत सरकारी योजनेखाली सुमारे पंधरा लाख लोक, बहुतेक शाळकरी मुलं आणि लहान बाळं असलेल्या आया, शहरं सोडून खेड्यांत गेले. नाताळपर्यंत त्यातले कितीतरी परतले. ब्लिट्झ सुरू झाल्यावर पुन्हा गेले. तरुण पुरुष सैन्यात, आणि सैनिक या हिशेबातच नाहीत. रजिस्ट्रार जनरल, म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदणीचे प्रमुख, नागरी लोकसंख्येचा अंदाज द्यायचे. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून अनेक अहवालांत तो अंदाजही छापलेला नसतो. दर दिलेला, भाजक लपवलेला.

एक काल्पनिक बरो घेऊन हिशेब करून बघू. समजा १९३८ मध्ये तिथे एक लाख माणसं होती आणि १२०० मृत्यू झाले. म्हणजे हजारी १२. १९४१ मध्ये साठ हजार माणसं उरली आणि मृत्यू ९००. म्हणजे हजारी १५. मृत्यू कमी झाले आणि दर वाढला, दोन्ही एकाच वेळी खरं. शिवाय गेले कोण? मुलं आणि तरुण. राहिले कोण? म्हातारी माणसं, जी घर सोडायला तयार नव्हती किंवा ज्यांना न्यायला कुणी नव्हतं. त्यांच्यात मृत्यू जास्त असणारच. त्यामुळे ढोबळ मृत्युदरावरून ‘युद्धाने बरोचं आरोग्य ढासळलं’ असा निष्कर्ष काढायचा नाही. रजिस्ट्रार जनरलनी वयोमानाच्या फरकासाठी दिलेला गुणकही अशा उलथापालथीत फारसा कामाचा राहत नाही.

जन्मांची तीच गत. गरोदर बायकांना बाळंतपणासाठी बाहेर नेत. सिटी ऑफ लंडन मॅटर्निटी हॉस्पिटलचं बस्तान हर्टफर्डशरमधल्या ब्रॉकेट हॉल या हवेलीत हललं आणि तिथे हजारो लंडनकर बाळं जन्मली. अहवालात हे जन्म आईच्या नेहमीच्या पत्त्यावर परत लावलेले असतात. तेव्हा तक्त्यात ‘झालेले जन्म’ आणि ‘बरोच्या रहिवाशांचे जन्म’ असे दोन आकडे दिसले तर चूक समजू नका. आवक-जावक दुरुस्तीच्या आधीचा आणि नंतरचा असे ते दोन आहेत. कोणता वापरला ते आपल्या टिपणात लिहून ठेवा, नाहीतर महिन्याभराने स्वतःलाच कोडं पडतं.

ज्या बरोत मुलं पाठवली गेली त्याचा अहवालही शेजारी ठेवता आला तर उत्तम. लंडनच्या तक्त्यात गोवर ओसरलेला आणि सॉमरसेटच्या एखाद्या गावात उसळलेला, असं चित्र दिसतं. गोवराची मुलं गाडीत बसून गेली होती.

साथींचा तक्ता वाचताना

सेक्शन एफ मध्ये ‘नोटिफाय’ झालेले रोगी असतात, म्हणजे डॉक्टरने कायद्यानुसार एमओएचला कळवलेले. तेव्हा प्रत्येक रोगासाठी विचारा: या वर्षी कळवणं बंधनकारक होतं का? घटसर्प आणि स्कार्लेट फीव्हर एकोणिसाव्या शतकापासून यादीत. गोवर आणि डांग्या खोकला मात्र युद्ध सुरू झाल्यावर देशभर यादीत आले. त्याआधी हे रोग ठिकठिकाणच्या नियमांवर अवलंबून होते. एखाद्या बरोत १९३८ मध्ये गोवर शून्य आणि १९४० मध्ये शेकडो दिसला, तर आधी नियम तपासा, मग शेल्टरला, म्हणजे बॉम्बपासून लपायच्या गर्दीच्या निवाऱ्यांना, दोष द्या.

मेनिंजायटिस त्या काळी ‘सेरेब्रोस्पायनल फीव्हर’ या नावाने लिहिलेला असतो. १९४० मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये त्याची १२ हजारांहून जास्त माणसं नोंदली गेली, गर्दीच्या बराकी आणि कडाक्याचा हिवाळा. पण मरणाऱ्यांचं प्रमाण पूर्वीच्या साथींपेक्षा खूपच कमी, कारण सल्फापिरिडीन हे औषध आलं होतं. डॉक्टरांच्या बोलण्यात ते ‘एम अँड बी ६९३’. अहवालात हे अक्षर-आकड्यांचं नाव दिसलं की थांबून आजूबाजूचा परिच्छेद वाचा. कोरड्या लिखाणात डॉक्टर हरखलेला दिसण्याच्या ज्या थोड्या जागा आहेत, त्यातली ही एक.

पाण्याची भीती तर खोलवर होती. क्रॉयडनला १९३७ मध्ये विहिरीच्या पाण्यातून टायफॉईड पसरून ३४१ माणसं आजारी पडली होती, ४३ दगावली होती. विहिरीत काम चालू असताना क्लोरिन बंद ठेवलं गेलं होतं. बॉम्बने जलवाहिनी आणि गटार एकाच खड्ड्यात फुटलं की प्रत्येक एमओएचला क्रॉयडन आठवत असणार. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री कॉव्हेंट्री उद्ध्वस्त झाल्यावर पाणी उकळून प्या अशा सूचना आणि टायफॉईडच्या लशी सुरू झाल्या. साथ आली नाही. न आलेल्या साथीला तक्ता नसतो. ती ‘पाण्याचे नमुने’ आणि ‘क्लोरिनेशन’ या कंटाळवाण्या ओळींतच शोधावी लागते.

घटसर्पाचं लसीकरण हे माझं लाडकं पान, त्यामुळे इथे जरा रेंगाळते. १९४० मध्ये ब्रिटनमध्ये घटसर्पाचे ६१ हजारांहून जास्त रोगी आणि ३,२८३ मृत्यू नोंदले गेले. लस तोवर नवी राहिली नव्हती. पण द्यायची की नाही, कशी द्यायची, हे ज्या त्या बरोवर सोडलेलं होतं. १९४० च्या अखेरीस आरोग्य मंत्रालयाने बरोंना लस फुकट पुरवायला सुरुवात केली आणि पुढे मोठी प्रचारमोहीम झाली. नवे चीफ मेडिकल ऑफिसर सर विल्सन जेमसन यांनी तिच्यामागे जोर लावला. अहवालात ही लस ‘ए.पी.टी.’ या आद्याक्षरांनी सापडेल, सुमारे चार आठवड्यांच्या अंतराने दोन सुया.

आता तक्ता बघा. दोन रकाने असतात: पाच वर्षांखालची आणि पाच ते पंधरा. शाळकरी मुलांचा आकडा आधी उडी घेतो. शाळेत शंभर पोरं एका रांगेत उभी करता येतात. पाचांखालच्यांसाठी नर्सला प्रत्येक दार वाजवावं लागतं, आणि त्यातली अर्धी दारं जागेवरच नसतात. म्हणून एखाद्या बरोत लहान मुलांचा रकाना मोठ्यांच्या जवळ पोचलेला दिसला तर समजा, तिथल्या हेल्थ व्हिजिटर जबरदस्त होत्या. त्याच अहवालात सेक्शन बी मध्ये त्यांच्या ‘पहिल्या भेटी’ आणि ‘पुनर्भेटी’ किती झाल्या ते असतं. दोन्ही पानं एकमेकांशेजारी ठेवा. टक्केवारी दिली असेल तर भागाकार कशाने केला ते विचाराच: मुलं परत येत-जात असताना एकूण मुलं किती हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं.

शेल्टर

७ सप्टेंबर १९४० पासून लंडनवर सलग ५७ रात्री बॉम्ब पडले. लोक भुयारी रेल्वेत झोपायला लागले, आधी परवानगी नसताना. या भुयारी रेल्वेची, म्हणजे ट्यूबची, छायाचित्रं इतकी पाहिलेली असतात की सगळं लंडन तिथेच होतं असं वाटतं. पण नोव्हेंबर १९४० च्या मोजणीत ट्यूबमध्ये लंडनकरांपैकी जेमतेम ४ टक्के, सार्वजनिक शेल्टरमध्ये ९ टक्के आणि घरगुती शेल्टरमध्ये २७ टक्के होते. बाकीचे आपल्या बिछान्यात, जिन्याखाली किंवा कामावर. त्यामुळे अहवालातलं शेल्टरचं प्रकरण ट्यूबपुरतं वाचू नका. बागेत पुरलेल्या अँडरसन शेल्टरमध्ये पाणी साचतं, विटांच्या रस्ताशेल्टरमध्ये ओल येते, त्यांची रड जास्त असते.

शेल्टरच्या आरोग्यासाठी लॉर्ड होर्डर यांची समिती सप्टेंबर १९४० मध्येच बसली. त्यानंतरच्या महिन्यांचे अहवाल वाचताना ठरावीक गोष्टी शोधा: तीन मजली बंक, तिकिटं, रासायनिक संडास, रात्री येणारी नर्स, हवेत जंतुनाशकाचे फवारे. कुठल्या तारखेला काय आलं हे मिळालं तर सोनं. आधी बादली आणि गोणपाटाचा पडदा होता. गर्दीतून टायफस, इन्फ्लुएंझा, घटसर्प असं काहीतरी भयंकर उसळेल अशी सगळ्यांची खात्री होती; उसळलं नाही. नर्सच्या नोंदींत दिसतात सर्दी, खोकला, खरूज, उवा, ढेकूण, आणि ट्यूबमध्ये चावणारे डास. ढेकणांसाठी बंकांवर ब्लोलॅम्प फिरवायचे.

३ मार्च १९४३ ला बेथनल ग्रीनच्या ट्यूब शेल्टरच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत १७३ माणसं मेली, एकही बॉम्ब न पडता. बातम्यांत जागेचं नाव दिलं नव्हतं आणि चौकशीचा अहवाल १९४५ पर्यंत दाबून ठेवला होता. अशा घटनांसाठी वार्षिक अहवालावर विसंबू नका, समितीची इतिवृत्तं काढा.

खरूज, आणि रिकाम्या खोल्यांचं काय झालं

१९३९ मध्ये सरकारला विषारी वायूची धास्ती होती. प्रत्येक बरोने गॅस क्लेन्झिंग स्टेशनं बांधली: शॉवर, कपडे काढायच्या खोल्या, निचरा. वायू आलाच नाही. खरूज आली. १९४१ च्या स्कॅबीज ऑर्डरने एमओएचला माणसं आणि घरं तपासायचा अधिकार दिला आणि पुष्कळ ठिकाणी याच खोल्यांत बायका-पोरांना आंघोळ घालून अंगभर बेंझिल बेंझोएट चोपडू लागले. अहवालात ‘क्लेन्झिंग स्टेशन’ दोन वेगळ्या प्रकरणांत आलं तर ते एकच असू शकतं, पत्ता जुळवून बघा.

त्याच सुमारास शेफील्डमध्ये केनेथ मेलनबी यांनी, युद्धात लढायला नकार दिलेल्या स्वयंसेवकांवर प्रयोग करून दाखवलं की खरूज मुख्यतः अंगाला अंग लागून पसरते. ब्लँकेटं आणि कपडे वाफाळण्यात जाणारा खटाटोप बहुतांशी फुकट. आता तुमच्या बरोच्या तक्त्यात बघा: ‘निर्जंतुक केलेले बिछाने’ कोणत्या वर्षापासून घटतात? घटत नसतील तर तिथे हे पोचलंच नाही, किंवा पटलं नाही. उवांच्या बाबतीतही मेलनबींनीच दाखवलं की औद्योगिक शहरांतल्या लहान मुलींपैकी निम्म्यांच्या डोक्यात उवा होत्या, म्हणजे शाळेच्या नर्सचे आधीचे आकडे वरवरच्या तपासणीचे होते.

लैंगिक रोगांसाठी रेग्युलेशन ३३बी शोधा. १९४२ अखेरच्या या नियमानुसार दोन रोग्यांनी एकाच व्यक्तीचं नाव घेतलं तर तिच्यावर उपचाराची सक्ती करता यायची. नावं बहुतेक बायकांचीच आली. अहवालात याला दोन-तीन ओळी मिळतात, आणि त्या ओळींचा सूर बघण्यासारखा असतो.

क्षयाची पानं सावकाश वाचा. सप्टेंबर १९३९ मध्ये हवाई हल्ल्यांच्या जखमींसाठी खाटा मोकळ्या करायला सॅनेटोरियममधल्या रोग्यांना घरी धाडलं गेलं. त्या खाटांवर आठवडेच्या आठवडे कुणीच आलं नाही. पुढच्या दोन वर्षांत क्षयाचे मृत्यू वाढले. मग १९४३ मध्ये छातीचे छोटे एक्स-रे काढणारी फिरती पथकं आली आणि मेमोरँडम २६६/टी खाली रोग्याच्या कुटुंबाला भत्ता मिळू लागला. तोही फुप्फुसाच्या, बऱ्या होऊ शकणाऱ्या क्षयालाच. १९४३ नंतर नोंदलेले रोगी वाढले तर त्यात एक्स-रेने हुडकलेले किती आणि पोटाला आधार मिळतो म्हणून पुढे आलेले किती, हा प्रश्न मनात ठेवूनच तक्ता वाचा.

आया आणि बाळं

हा भाग वाचताना वर्षं जुळवणं महत्त्वाचं. जुलै १९४० पासून गरोदर बाईला आणि पाचांखालच्या मुलाला रोज एक पाइंट दूध दोन पेन्सला, परवडत नसेल तर फुकट. डिसेंबर १९४१ पासून जीवनसत्त्वांची योजना: कॉड लिव्हर ऑइल, आधी ब्लॅककरंटचं सरबत, मग संत्र्याचा रस. युद्धकाळातली पाळणाघरं, दिवसाला एक शिलिंग. इंग्लंड-वेल्सचा बालमृत्युदर १९३८ मध्ये हजारी ५३ होता, १९४१ मध्ये ६० वर गेला आणि १९४४ पर्यंत ४५ च्या आसपास आला. तुमच्या बरोची रेघ या रेघेच्या वर आहे की खाली, ते काढा. पण सावधान: छोट्या बरोत वर्षाला पाचशे जन्म असतील तर पाच मृत्यू कमी-जास्त झाले की दर दहाने हलतो. तीन वर्षांची सरासरी घ्या.

संत्र्याचा रस लगेच उठायचा, कॉड लिव्हर ऑइलच्या बाटल्या पडून राहायच्या. अहवालांतले एमओएच यावर नाराजी लिहितात. ते तेल मुलाच्या तोंडात घालून बघितलेलं त्यांच्यापैकी कुणी दिसत नाही.

इमारतींसाठी फिन्सबरीचा अहवाल मुद्दाम वाचा. ऑक्टोबर १९३८ मध्ये तिथलं आरोग्यकेंद्र उघडलं, वास्तुविशारद लुबेटकिन आणि त्यांची टेक्टन ही संस्था यांनी आखलेलं: क्षयाचा दवाखाना, दात, पाय, सूर्यकिरण खोली, निर्जंतुकीकरण केंद्र, आणि घर धुरवलं जात असताना कुटुंबाला राहायला खोल्यासुद्धा, सगळं एका छपराखाली. सार्वजनिक आरोग्य समितीचे अध्यक्ष होते पंजाबातून आलेले डॉ. चुनीलाल कटियाल, त्याच वर्षी फिन्सबरीचे महापौरही झाले. १९४३ मध्ये एब्रम गेम्स यांनी या केंद्राचं चित्र सैन्याच्या पोस्टरवर घातलं, मागे पडकं घर आणि मुडदुसाचं पोर. चर्चिलना ते पटलं नाही आणि पोस्टर मागे घेतलं गेलं. शेजारच्या सेंट पँक्रसमध्ये व्ही. के. कृष्ण मेनन कौन्सिलर होते. आपल्या माणसांची नावं इंग्रजी इतिवृत्तांत अशी मधूनच भेटतात, तेव्हा सदस्यांची यादी गाळू नका.

अहवालाबाहेर

शोधताना आजचे शब्द चालत नाहीत. ‘पेस्ट कंट्रोल’ टाकून काही मिळणार नाही; ‘व्हर्मिन’, ‘व्हर्मिनस’, ‘डिसइन्फेस्टेशन’, ‘इंटिमेशन नोटीस’, ‘न्यूसन्स’ टाकून बघा. टंकलिखित पानांवर संगणकाला अक्षरं नीट ओळखता येत नाहीत, त्यामुळे शोधात काही आलं नाही तरी पानं हाताने उलटा.

मग सार्वजनिक आरोग्य समितीची इतिवृत्तं. अहवालात एमओएच सभ्य असतो, समितीत भांडणं असतात: नर्सच्या सायकलचा भत्ता, केंद्रात कोळसा नाही, डॉक्टर मिळत नाही. मृतांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची नागरी मृतांची यादी, सुमारे ६७ हजार नावांची, बहुतेकदा घरच्या पत्त्यासह आणि मृत्यूच्या ठिकाणासह. घरांसाठी लंडन काउंटी कौन्सिलचे बॉम्बनुकसानीचे रंगवलेले नकाशे: काळा म्हणजे पूर्ण नष्ट, जांभळा म्हणजे दुरुस्तीपलीकडे, पिवळा म्हणजे किरकोळ. एमओएचच्या केंद्रांचे पत्ते या नकाशावर टाकले की कुठलं केंद्र कधी हललं ते समजू लागतं.

कुणाची वैयक्तिक आरोग्यनोंद मागाल तर बहुतेक ठिकाणी शंभर वर्षांची अट आड येईल. त्यासाठी हुज्जत घालू नका. त्याऐवजी अभिलेखागारात विचारा: हेल्थ व्हिजिटरची रोजची वही, शेल्टरच्या पाहणीचे कागद, सॅनिटरी इन्स्पेक्टरचं तक्रारींचं रजिस्टर यांतलं काही आहे का? अनुक्रमणिकेत ते पुष्कळदा ‘किरकोळ’ या सदरात पडलेलं असतं. वर्ष १९४० आणि १९४१ दोन्ही सांगा, कारण वह्या वर्ष बदललं म्हणून बदललेल्या नसतात, पानं संपली की बदलतात.